नंबराचा पत्रा

इस्माईलचाचांची नखं कधी स्वच्छ झाली नाहीत. आमच्या कार्यालयात यायचं असलं की ते घरून हात धुऊन यायचे, आधी रॉकेलने, मग सोड्याने, मग नारळाच्या काथ्याने घासून. तळहात उजळायचे, बोटं उजळायची, पण दहाही नखांच्या कडेला काळी रेघ उरायचीच. टेबलावर कागद ठेवताना ते बोटं आत दुमडून घ्यायचे. खुर्चीवर बसण्याआधी पिशवीतून जुनं वर्तमानपत्र काढून अंथरायचे. मी एकदा म्हटलं, चाचा, खुर्ची सरकारी आहे, बसा तसेच.

"सरकारी हाय म्हनून तर," ते म्हणाले. "माझी असती तर बसलो असतो तसाच."

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी वाशीतल्या एका सरकारी कार्यालयाच्या परवाना शाखेत कनिष्ठ लिपिक म्हणून नुकताच लागलो होतो. आमच्या घरात मी पहिला पदवीधर. वडील तालुक्याच्या गावी कापसाच्या जिनिंगमध्ये गासड्या उचलायचे. नोकरीचा कागद आला तेव्हा त्यांनी तो तीन जणांकडून वाचून घेतला होता. सानपाड्याला एका खोलीत आम्ही चौघे नोकरीवाले राहायचो आणि रोज ऑफिसात जाताना मला वाटायचं, आपल्यावर सरकारने मोठा विश्वास टाकलेला आहे. हे मी आज हसण्यासाठी लिहीत नाही. तेव्हा मला खरोखर तसं वाटायचं.

जुन्या गाड्या विकत घेऊन तोडायच्या आणि त्यांचे सुटे भाग विकायचे, या धंद्याला परवाना लागत असे. तो देणं, दरवर्षी नवा करणं आणि जागेवर जाऊन तपासणी करणं, एवढं आमच्या शाखेचं काम. शाखा म्हणजे अधीक्षक सावंत, मी आणि एक शिपाई. ही तोडायची यार्डं होती कळंबोलीच्या पुढे, पनवेलकडे जाणाऱ्या रस्त्याला. पत्र्याचं कुंपण, आत गाड्यांच्या थप्प्या, आणि जमीन तेलाने इतकी काळी की पावसाळ्यातही तिथे गवत उगवत नसे.

त्यातलं एक यार्ड इस्माईल बुरोंडकरांचं. रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका खाडीकाठच्या गावचे. बावीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये तेलवाला म्हणून काढली, मग गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा किनाऱ्याला लागले. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले, अक्षर टपोरं. परवान्याचा अर्ज स्वतः भरून, स्वतः हातात घेऊन येणारा माझ्या पाहण्यातला तो पहिला आणि शेवटचा यार्डवाला. बाकीच्यांचा एकच दलाल होता. तो सगळ्यांचे अर्ज एका गठ्ठ्यात आणायचा आणि सरळ सावंतांच्या केबिनमध्ये जायचा.

पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, शिक्षण किती. मी सांगितलं, बीए. त्यांनी माझ्या खिशातल्या पेनाकडे पाहिलं.

"घरात पैलेच काय?"

मी विचारलं, कसं ओळखलंत.

"लिवून झालं की पेनाचं टोपन लावता आनि पेन खिशाला लावून हात फिरवून बघता. शिकल्यासवरल्यांच्या घरातली पोरं पेन कुठं पन टाकतात."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'बीए साहेब' झालो. माझं खरं नाव त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मलाही ते सांगावंसं वाटलं नाही, कारण त्या हाकेत थोडी थट्टा असली तरी ती ऐकताना माझी मान ताठ व्हायची. माझ्या वडिलांना ती हाक ऐकू जावी असं मला वाटायचं.

जहाज त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. यार्डातल्या पत्र्याच्या शेडला ते 'इंजिनरूम' म्हणत. तिथे एका खिळ्याला सुतळीने बांधलेली जाड वही लटकत असे, तिला 'लॉग'. सकाळी शेड उघडली की पहिली ओळ, संध्याकाळी बंद करताना शेवटची ओळ. मध्ये दिवसभरात जे घडेल ते. कुठली गाडी आली, कोणी आणली, कागद काय पाहिले, किती वाजता कापायला घेतली. पाऊस पडला तर तोही. मी विचारलं होतं, पाऊस कशाला लिहिता.

"इंजिनरूममधी वॉच, म्हंजे पाळी, उतरताना चीफ इंजिनीर पैला लॉग बघायचा. लॉगात नाय म्हंजे झालं नाय. तू कितीपन कसम खा."

हे वाक्य ते पुष्कळदा म्हणत. मला ते आवडायचं, कारण सरकारी कामाचा नियमही तोच आहे असं मला वाटे.

मला माझं काम त्यांनी शिकवलं. हे मी ऑफिसात कुणाला कधी सांगितलं नाही. माझ्या पहिल्या तपासणीला सावंत साहेबांनी हातात एक छापील तक्ता दिला होता. गाडीचा चेसिस नंबर, इंजिन नंबर, पडताळला किंवा नाही. गाडीवर नंबर कुठे ठोकलेला असतो हे मला माहीत नव्हतं. तोवर मी एसटी आणि लोकल सोडून कुठल्या गाडीत बसलोही नव्हतो. पहिलं यार्ड मोहनशेठचं, चाचांच्या शेजारचं. मोहनशेठने थंड पेय मागवलं, तक्ता आधीच भरून तयार होता, फक्त सही हवी होती. मी नंबर दाखवा म्हटलं. त्याच्या एका माणसाने मला एका टेम्पोखाली शिरायला सांगितलं. मी माझ्या दोनातल्या एका पांढऱ्या शर्टासकट खाली पाठ टेकून सरकलो, पाच मिनिटं गंजलेल्या लोखंडाकडे बघत राहिलो. तिथे नंबर नव्हता. वरून हसण्याचा आवाज आला तेव्हा मला ते कळलं.

बाहेर आलो तर कुंपणाच्या पलीकडून चाचांनी हाक मारली. "बीए साहेब, हिकडं या."

त्यांनी आधी मला स्वतःचा जुना सदरा घालायला दिला. मग एका टॅक्सीचं बॉनेट उघडलं, आतल्या पत्र्यावरचा मळ रॉकेलच्या फडक्याने पुसला, त्यावर खडू फिरवला, वर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी धरून घासायला सुरुवात केली. कागदावर एकेक आकडा वर आला. लहानपणी आम्ही नाण्यावर कागद ठेवून राजमुद्रा उमटवायचो तसा.

"नंबर वाचायचा नाय, उठवायचा. डोळ्याला तीनचा आठ दिसतो. कागदाला दिसत नाय. आनि कोनी कानस मारून नवीन ठोकला असल ना, तर कानशीचे ओरखडे पन येतात वरती. बघाच तुमी."

सुट्टीचे पुढचे चार शनिवार मी त्यांच्या यार्डात गेलो. टेम्पोचा नंबर कुठे, ट्रकचा कुठे, जीपचा कुठे, सगळं त्यांनी माझ्या हाताने उठवून घेतलं. वर्षभरात मी आमच्या खात्यात नंबर ओळखणारा माणूस म्हणून नावाजला गेलो. दुसऱ्या कार्यालयांतूनही बोलावणं येऊ लागलं. माझ्या गोपनीय अहवालात 'कामाची उत्तम जाण' असा शेरा पडला. तो वडिलांना पत्राने कळवला. कुणाकडून शिकलो ते पत्रात लिहिलं नाही.

गाडी तोडताना चाचा बोलत नसत. एकदा मी असताना एक म्हातारे टॅक्सीवाले स्वतःची टॅक्सी स्वतः चालवत घेऊन आले. पंचवीस वर्षं चालवलेली. कागद दिले, किल्ली दिली, तरी ते जाईनात. बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. चाचांनी गॅस कटरची नळी गुंडाळून बाजूला ठेवली, त्यांना शेडमध्ये बसवलं, स्वतःच्या डब्यातली भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली. मग टॅक्सीचा हॉर्न सोडवून कागदात गुंडाळून त्यांच्या पिशवीत घातला. दुपार टळली तेव्हा ते गृहस्थ उठले. त्यांना घेऊन बस गेली तरी चाचांनी आणखी पाव तास कटर पेटवला नाही.

मी गमतीने विचारलं, आता लॉगात काय लिहिणार, गॅस संपला?

"गॅस कुठं संपला? मालक जाईपत्तूर थांबलो, असं लिवलंय."

आणि एकदा उलटंही झालं. एक चकचकीत गाडी आली, वर्ष-दीड वर्षाची असेल. आणणाऱ्या दोघांकडे कागद नव्हते, घाई फार होती. चाचांनी ती आत घेतली नाही. ती शेजारी मोहनशेठकडे गेली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या फक्त सीटा उरल्या होत्या. चाचांनी तिचा नंबर लॉगात लिहिला होता, पुढे 'परत पाठवली' असं. मी ते वाचलं आणि मोठ्या उत्साहाने सावंतांना जाऊन सांगितलं. सावंत वाईट माणूस नव्हते. मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाची काळजी करणारा, डब्यातली भाजी शिपायाला देणारा माणूस. त्यांनी विचारलं, लेखी तक्रार आली का. मी म्हटलं, नाही.

"मग आली की बघू. तू टेन्शन घेऊ नको."

आता त्या पत्र्याच्या तुकड्यांबद्दल.

परवान्याच्या मागच्या बाजूला अटी छापलेल्या होत्या. त्यातली एक अशी की तोडलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर ठोकलेला भाग कापून कार्यालयात जमा करावा. कारण साधं होतं. चोरलेल्या गाडीला नवा नंबर हवा असतो. मेलेल्या गाडीचा नंबर असलेला पत्रा कापून तो चोरीच्या गाडीत डागला की ती गाडी कागदोपत्री स्वच्छ होते. म्हणून हे तुकडे सरकारने ताब्यात घ्यायचे. अट चांगली होती. ती कोणी पाळत नव्हतं. मोहनशेठच्या वार्षिक पत्रकात तोडलेल्या गाड्यांच्या रकान्यात दरवर्षी 'निरंक' असायचं आणि त्याच्या यार्डातल्या थप्प्या कुंपणाच्या वर दिसायच्या.

इस्माईलचाचा एका सकाळी पाच तुकडे घेऊन आले. प्रत्येक तुकडा तळहाताएवढा, चौकोनी, ग्रीस लावून वर्तमानपत्रात गुंडाळलेला. तारेने बांधलेलं पुठ्ठ्याचं लेबल, त्यावर तारीख, मालकाचं नाव आणि कापल्याची वेळ. मी एक हातात घेतला तेव्हा लक्षात आलं की चारही कोपरे कानशीने घासून गोल केलेले आहेत. मी विचारलं, हे कशाला.

"तुमी लिवनारी मानसं. बोट कापलं म्हंजे?"

मी ते टेबलावर ठेवले आणि नोंदीसाठी आवक वही घेऊन सावंतांकडे गेलो. सावंतांनी चष्मा कपाळावर चढवला.

"आवक नंबर कागदाला असतो. पत्र्याला कुठला? आज पत्रा आणलाय, उद्या दार घेऊन येईल. ठेवणार कुठे? कपाट आहे का आपल्याकडे? आणि त्यातला एक हरवला, उद्या चोरीच्या गाडीत सापडला, तर आत कोण जाणार? तू?"

मी म्हटलं, पण अट छापलेली आहे.

"छापलेली आहे ना. छापणाऱ्याने कपाट पाठवलं नाही. परत दे त्याला."

मी बाहेर येऊन चाचांना खाली मान घालून सांगितलं. त्यांना राग आला नाही. ते म्हणाले, ठीक हाय, मग घेत नाय असं लिहून द्या. मी पुन्हा आत गेलो. सावंत हसले. असं लिहून द्यायला मी काय नोकरीवर पाणी सोडलंय का, म्हणाले.

चाचा तुकडे पिशवीत भरू लागले. चार भरले. पाचवा मी बोलाबोलात टेबलावरच्या कागदांवर ठेवला होता, कारण माझं टेबल बरोबर पंख्याखाली होतं. त्यांनी तो उचलला नाही.

"ऱ्हाऊ द्या. एक तरी सरकारजमा झाला." मग ते जरा पुढे वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "बीए साहेब, बाकीच्यांचं काय करू ते सांगा. ह्यो तुकडा तुमच्याकडं असला तर सरकार. माझ्याकडं असला तर मी चोर. वितळवला तर अट मोडली. मला कायतरी एक सांगा."

मला काहीतरी एक सांगणं भाग होतं. मी म्हटलं, सध्या तुमच्याकडेच नीट जपून ठेवा, मी वर विचारून कळवतो.

मी वर कधी विचारलं नाही. सुरुवातीला सावंतांना ओलांडून कसं विचारायचं म्हणून, नंतर आता इतक्या उशिरा कसं विचारायचं म्हणून. चाचा दर दोन-तीन महिन्यांनी यायचे, खुर्चीवर वर्तमानपत्र अंथरायचे, टेबलावरच्या त्या पत्र्याकडे एकदा समाधानाने बघायचे आणि विचारायचे, वरून काय आलं काय. मी म्हणायचो, अजून नाही. ते म्हणायचे, सरकार मोठं हाय, टाइम लागनार. आणि शेडमध्ये एका तारेत ते तुकडे ओवले जात राहिले. तारखेप्रमाणे, लेबलासकट, दर महिन्याला ग्रीसचा नवा हात देऊन. मी तपासणीला गेलो की ते मला दाखवायचे. घरातल्या शिस्तीच्या मुलांची ओळख करून द्यावी तसे.

तीन वर्षं असं चाललं.

मग शहरात चोरीच्या गाड्या सापडू लागल्या, डागलेल्या नंबरांच्या. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या आणि एका सकाळी पोलिसांचं पथक यार्डांवर उतरलं. मोहनशेठकडे काही सापडलं नाही. त्याला आदल्या दिवशीच कळलं होतं. पुढच्या यार्डातही काही सापडलं नाही. चाचांकडे काय झालं ते मला समोरच्या चहावाल्याने सांगितलं. पथकातल्या साहेबांनी विचारलं, गाड्यांचे नंबर कापलेले तुकडे आहेत का. चाचांचा चेहरा खुलला. तीन वर्षांनी वरून उत्तर आलं असं त्यांना वाटलं. त्यांनी स्वतः शेड उघडली, तार खाली काढली, एकेक लेबल वाचून तुकडे साहेबांच्या पुढे मांडले आणि शेवटी पावती मागितली.

त्यांना गाडीत बसवलं तेव्हाही ते पावतीचंच विचारत होते, असं चहावाला म्हणाला.

किनाऱ्यावरच्या गावचा, त्यात जहाजावर काम केलेला, त्यात नाव इस्माईल. बॉम्बस्फोटांनंतरच्या त्या वर्षांमध्ये एवढं असलं की माणसाला आत ठेवायला आणखी कारण लागत नव्हतं. इथे तर तारेत ओवलेलं कारण होतं. अकरा दिवसांनी ते सुटले. एकही तुकडा कुठल्याही चोरीच्या गाडीशी जुळला नाही, जुळणार तरी कसा, सगळे तुकडे तर तारेतच होते. तिकडचं प्रकरण तिथेच थांबलं. पण परवान्याचा प्रश्न आमच्याकडे आला. अट मोडली की नाही, याची चौकशी करायला मुख्य कार्यालयातून एक अधिकारी येणार होते. सोबत चाचांचा लॉग जोडलेला होता. त्यातल्या एका ओळीखाली लाल रेघ होती. 'तुकडे घेतले नाहीत. बीए साहेबांनी सांगितले, यार्डात जपून ठेवा. ते वर विचारतील.' तारीख, वेळ. शेवटी 'दुपारून पाऊस'.

मी ती वही बरीच चाळली. ती चकचकीत गाडी, 'परत पाठवली', तीही त्याच वहीत होती. त्या पानाला कोणाचा हात लागलेला दिसला नाही.

चौकशीच्या आदल्या दिवशी सावंतांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. माझं कायम होणं पुढच्या महिन्यात होतं. त्याची आठवण त्यांनी दिली नाही. फक्त माझ्या वडिलांची तब्येत विचारली. मग वही माझ्यापुढे सरकवली.

"यात तुझं नाव कुठे आहे?"

मी म्हटलं, साहेब, ते मला बीए साहेब म्हणतात.

"मी तुला तेच विचारतोय. तुझं नाव कुठे आहे?"

त्यांनी कोरा कागद दिला आणि मजकूर सांगितला. मी लिहिला. 'सदर नोंदीत उल्लेख केलेल्या नावाची कोणतीही व्यक्ती या शाखेत कार्यरत नाही व नव्हती.' खाली सही, पूर्ण नाव, हुद्दा. वाक्यात एक शब्दही खोटा नव्हता. लिहून झाल्यावर मी पेनाला टोपण लावलं.

चौकशीच्या दिवशी मी सकाळी लवकर गेलो आणि तो पत्रा टेबलावरून उचलून खालच्या खणात टाकला. तीन वर्षं तो तिथेच होता. सावंत रोज बघायचे, शिपाई त्याच्याखालून कागद ओढायचा. त्याच्यावर चाचांच्या अक्षरातलं लेबल होतं, गाडी कापल्याची तारीख लॉगात होती तीच. चाचांनी तुकडे खरंच आणले होते आणि आम्ही ते घेतले नव्हते, याचा जगात तेवढा एकच पुरावा होता. मी कागदांवर डिंकाची बाटली ठेवली.

अधिकारी माझ्याच टेबलाशी बसले, कारण केबिनमध्ये जागा नव्हती. चाचा आले. अकरा दिवसांत खांदे उतरले होते. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्र काढून खुर्चीवर अंथरलं आणि बसले. मग सवयीने त्यांची नजर कागदांकडे गेली. डिंकाच्या बाटलीवर थांबली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

अधिकाऱ्यांनी माझं निवेदन वाचून दाखवलं. मग विचारलं, "हे बीए साहेब कोण? या खोलीत आहेत का ते? दाखवा."

पंखा फिरत होता. सावंत खिडकीबाहेर बघत होते. चाचांनी फक्त बोट वर करायचं होतं, आणि मग माझा खण उघडावा लागला असता. मी आजही स्वतःला सांगतो की त्यांनी बोट केलं असतं तर मी कबूल केलं असतं. ते खरं आहे की नाही, हे मला कधी कळणार नाही.

"लॉगात लिवलंय ते खरं हाय, साहेब," चाचा म्हणाले. "पन तो मानूस आता हितं नाय."

ते उठले. वर्तमानपत्राची घडी केली, पिशवीत ठेवली, गेले.

परवाना रद्द झाला. कारण, नंबर असलेले भाग कार्यालयात जमा करण्याच्या अटीचा भंग. आदेशाची स्वच्छ प्रत मी काढली, माझं अक्षर चांगलं होतं म्हणून. त्या वर्षी त्या अटीखाली रद्द झालेला तो एकच परवाना. मोहनशेठचं पत्रक नेहमीप्रमाणे 'निरंक' आलं आणि त्याचा परवाना नवा झाला. चार महिन्यांनी मधलं पत्र्याचं कुंपण काढून त्याने चाचांची जागाही आपल्यात घेतली. मी ठरल्याप्रमाणे चौकशीच्या पुढच्याच महिन्यात कायम झालो होतो. वडिलांनी गावात पेढे वाटले.

तो पत्रा अजून माझ्याकडे आहे. बदली झाली तेव्हा खण रिकामा करताना मी तो रुमालात गुंडाळून घरी आणला. लेबल केव्हाच भुगा झालं. कोपऱ्यांवरून बोट फिरवलं तर अजूनही कुठे लागत नाही.

त्यानंतर चाचांना मी एकदाच पाहिलं, तीन-चार वर्षांनी. मी वरिष्ठ लिपिक झालो होतो. एका कामासाठी कार्यालयाच्या जीपने न्हावा शेव्याला निघालो होतो. तिथल्या एका कंटेनर यार्डाच्या फाटकाशी गाडी थांबली. लाकडी चौकीत खाकी शर्ट घातलेला एक म्हातारा पहारेकरी बसला होता. तो उठला, आमच्या ड्रायव्हरने सांगितलेल्या नंबरावर न विसंबता गाडीच्या पुढे गेला, गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकला आणि नंबरपट्टी स्वतः वाचून आला. वाकण्यावरूनच मी ओळखलं.

मी खाली उतरलो. काय बोलणार होतो ते मला आठवत नाही. त्यांनी मला पाहिलं, ओळखलं. चेहऱ्यावर काही आलं नाही. चौकीच्या खिडकीतून त्यांनी जाड वही बाहेर सरकवली.

"ऑफिसरलोक सोताच्या हातानं लिवतात. नाव, हुद्दा, काम."

खाडीवरून वारा येत होता आणि पानं उडत होती. त्यांनी पान तळहाताने दाबून धरलं. मी त्यांच्या हाताशेजारी लिहू लागलो. त्यांची नखं स्वच्छ होती. दहाही. कडेची काळी रेघ कुठेच नव्हती.

मी माझं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं, आडनाव लिहिलं. हुद्दा लिहिला. त्यांनी वही आपल्याकडे वळवली आणि माझ्या ओळीवरून बोट फिरवत सावकाश वाचलं.

"हे नाव होय तुमचं," ते म्हणाले.

मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून त्यांनी वेळेच्या रकान्यात वेळ लिहिली आणि फाटकाचा दांडा वर केला.